कात्र्यांची खंडेनवमी

संजीवनीबाई कोथिंबीर आणायला सिंगापुरातल्या हौगांगच्या मार्केटात गेल्या, तेवढ्या वेळात शामकांतरावांनी घरी बारा कात्र्यांची पूजा उरकून टाकली.

बाई जुडी हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या. चौरंगावर लाल खण अंथरला होता. त्यावर कॉलेजच्या कात्र्या ओळीने निजवल्या होत्या. प्रत्येकीला हळदकुंकू, प्रत्येकीवर झेंडूचं फूल, कडेने अक्षता आणि समोर निरांजन. शामकांतराव सोवळं नेसून घंटा वाजवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते एरवी फक्त जेवणात बासुंदी असली तरच दिसायचं.

"अहो, हे काय?"

"खंडेनवमी," घंटा न थांबवता शामकांतराव म्हणाले. "विसरलीस?"

"त्या कात्र्या कॉलेजच्या आहेत! आज संध्याकाळी माझी परीक्षा आहे!"

"म्हणून तर! परीक्षेच्या दिवशीच हत्यारांची पूजा. असा योग कुणाच्या नशिबात असतो का, सांग!"

आता यात शामकांतरावांची चूक होती हे खरं, पण त्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. वीस-बावीस वर्षं त्यांनी बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली होती. खंडेनवमीला बोट कुठल्याही समुद्रात असो, हे मेन इंजिनाला कुंकवाचं बोट लावायचे, पान्यांना फुलं वाहायचे आणि नारळ फोडून फिलिपिनो खलाशांना खोबरं वाटायचे. गेल्या वर्षी त्यांनी समुद्र सोडून किनाऱ्यावरची नोकरी धरली. ऑफिसात टेबल, खुर्ची आणि फॅक्स. घरी एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक नेलकटर. गेल्या खंडेनवमीला त्या दोघांची पूजा करताना त्यांना अक्षरशः भरून आलं होतं. आणि यंदा चांगल्या टणक, वजनदार, पोलादी बारा कात्र्या आपल्या पायांनी घरी चालत आल्यावर हा माणूस गप्प बसणार होता थोडाच?

आणि त्या घरी आणल्या होत्या खुद्द संजीवनीबाईंनी.

आंग मो किओतल्या त्या सरकारी कॉलेजात दिवसा मुलं शिकत आणि संध्याकाळी मुलांचे आईबाप. वयाची अट नाही, आधीचे मार्क कुणी विचारत नाही. पत्रपेटीत माहितीपत्रक आलं, त्यात फ्रिज-दुरुस्तीपासून केशकर्तनापर्यंत सगळं होतं. बाईंनी ते दोन दिवस उशीखाली ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी जाऊन शिवणाच्या वर्गात नाव घातलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचं लग्न झालं होतं. नंतर नवऱ्याच्या बोटीमागे बंदरोबंदरी बिऱ्हाडं मांडण्यात इतकी वर्षं गेली की सर्टिफिकेट म्हणून त्यांच्या नावावर काही असेल तर ते लग्नाचं आणि देवी टोचल्याचं. कॉलेजने त्यांना एक कार्ड दिलं होतं. त्यावर फोटो, फोटोखाली नाव आणि नावाखाली 'स्टुडंट'. चव्वेचाळिसाव्या वर्षी! हे कार्ड त्या कोथिंबीर आणायला जातानासुद्धा पर्समध्ये ठेवत.

वर्गही मजेदार होता. नातवंडांचे गणवेश शिवायचे म्हणून आलेल्या चिनी आज्या होत्या, लग्नाचे कपडे शिवून देण्याचा धंदा काढायचा म्हणून आलेली रोहाना नावाची मलाय बाई होती, आणि या सगळ्यांवर मॅडम क्वेक. मॅडम क्वेक म्हणजे चाळीस किलोची बाई आणि तिच्या गळ्यात मोजपट्टी. "आधी मापं, मग कात्री!" हे वाक्य त्या तासात इतक्यांदा म्हणत की संजीवनीबाईंना ते स्वप्नात ऐकू येई.

कारण हे वाक्य मुख्यतः त्यांच्यासाठीच होतं. संजीवनीबाईंनी जन्मात काही मोजलं नव्हतं. आमटीत मीठ अंदाजाने, पुरणात गूळ अंदाजाने, लेकीचा, ईशाचा, फ्रॉक तिच्या पाठीला कापड लावून अंदाजाने. कापड समोर आलं की त्यांचा हात आपोआप कात्रीकडे जायचा. सराव परीक्षेत त्यांच्या ब्लाउजची डावी बाही उजवीपेक्षा तीन बोटं लांब भरली. मॅडम क्वेकनी तो ब्लाउज सगळ्या वर्गाला दाखवला आणि शांतपणे म्हणाल्या, "मिसेस देवस्थळी, खऱ्या परीक्षेत असं झालं तर सर्टिफिकेट नाही." त्या दिवशी बाई बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या.

पण अंदाज चुकल्याचा दोष थोडा कात्र्यांनाही होता. त्या बोथट झाल्या होत्या. मॅडम क्वेकनी धार लावण्यासाठी वर कळवलं होतं आणि वरून उत्तर आलं होतं, पुढच्या वर्षी बघू. परीक्षेला तर कॉलेजच्याच, नंबर घातलेल्या कात्र्या वापरायचा नियम. तेव्हा भर वर्गात संजीवनीबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझे मिस्टर मरीन इंजिनिअर आहेत. एका संध्याकाळी लावून देतील."

टाळ्या पडल्या होत्या. ते सगळं आता चौरंगावर निजलं होतं.

"बरं, झाली ना पूजा?" बाई जुडी खाली ठेवत म्हणाल्या. "आता द्या त्या."

शामकांतरावांनी घंटा खाली ठेवली. "संजू, पूजेत मांडलेल्या वस्तूला उत्तरपूजेआधी हात लावायचा नाही. हे कोण म्हणालं होतं?"

संजीवनीबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. कारण हे त्याच म्हणाल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी सुट्टीवर आलेल्या शामकांतरावांनी हौसेने आपला दाढीचा वस्तरा पूजेत ठेवला होता आणि संध्याकाळी कंपनीचं जेवण निघालं. बाईंनी वस्तऱ्याला हात लावू दिला नाही. त्या जेवणाचा ग्रुप फोटो अजून कपाटात होता, आणि त्यात सुटाबुटातल्या माणसांमध्ये एकच इसम तुरुंगातून सुटून आल्यासारखा दिसत होता.

"घाबरतेस कशाला?" शामकांतरावांना दया आली. त्यांनी पुण्याहून आलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "हे बघ. नवमी संपते दुपारी चार चाळीसला. नवमी संपली की मी उत्तरपूजा करतो. पावणेपाचला कात्र्या तुझ्या पिशवीत. परीक्षा सातला. मधल्या वेळात चहा पिऊ, दोनदा."

हिशेब बिनतोड होता. बाईंचा जीव भांड्यात पडला. वेळ आहे म्हणून त्यांनी कोथिंबिरीच्या वड्यासुद्धा केल्या.

दुपारी ईशा शाळेतून आली. वय चौदा, जन्म मुंबईचा, बोलणं इथलं. तिने चौरंगाकडे बघितलं, वडी तोंडात टाकली आणि सोफ्यावर आडवी झाली. चार चाळीस झाले. शामकांतराव पुन्हा सोवळं नेसून आले, अक्षता हातात घेतल्या, डोळे मिटले.

"बाबा, आत्ता का करताय?"

"नवमी संपली."

"कुठे संपली? दॅट कॅलेंडर इज इंडिया टाइम, लाह."

शामकांतरावांचे डोळे उघडले. हात तसाच हवेत राहिला. ज्या माणसाने हयातभर बोटीवरची घड्याळं अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढेमागे केली, जो झोपेतही पनामाची वेळ सांगू शकला असता, त्याला स्वतःच्या भिंतीवर पुण्याची वेळ टांगलेली आहे हे सुचलं नव्हतं.

"अडीच तास पुढे," ते हळूच म्हणाले. "म्हणजे सात दहा."

"आणि माझी परीक्षा सातला!" संजीवनीबाई ओरडल्या.

"फक्त दहाच मिनिटांचा तर प्रश्न आहे," शामकांतराव म्हणाले. पण ते त्यांनाही पटलं नाही.

एखाद्या साध्या दिवशी बाईंनी देवाची क्षमा मागून चौरंगावरून कात्र्या सरळ काढून घेतल्या असत्या. पण परीक्षेच्याच दिवशी पूजा मोडायची, आणि तीन बोटं लांब बाहीचा डाग कपाळावर असताना? त्यांचा हात होईना. आणि प्रश्न एकट्या त्यांचा नव्हता. अख्ख्या वर्गाच्या कात्र्या इथे होत्या. नवीन आणाव्यात तर त्यांवर नंबर नाहीत. केशकर्तनवाल्यांच्या मागाव्यात तर त्यांनी ब्लाउज कापायला पहाट झाली असती.

अशा वेळी सिंगापूरची मराठी माणसं विश्वासरावांना फोन करत. विश्वासराव एका बँकेत कॉम्प्युटरवाल्यांचे मॅनेजर होते, पण मंडळाच्या गणपतीपासून सत्यनारायणापर्यंत सगळं तेच सांगत. ते मीटिंगमध्ये होते. तरी बाहेर येऊन बोलले.

"ईशा बरोबर म्हणतेय," विश्वासराव दबक्या आवाजात म्हणाले. "तिथी सगळ्या जगात एकदमच संपते. आपलं घड्याळ तेवढं वेगळं. सात दहाच्या आधी उत्तरपूजा नाही."

"मग करायचं काय हो? सातला परीक्षा सुरू होते!"

पलीकडे थोडा वेळ कुणीतरी इंग्रजीत आकडे वाचत असल्याचं ऐकू आलं. मग विश्वासराव म्हणाले, "वस्तूंना हात लावायचा नाही. चौरंगाला लावायला काय हरकत आहे? देव पालखीत बसून गावभर फिरतात, तेव्हा पूजा मोडते का? चौरंगासकट न्या. तिथे सात दहाला करा उत्तरपूजा. ठेवतो, साहेब बोलावतायत."

आणि अशा रीतीने देवस्थळ्यांच्या घरून मिरवणूक निघाली. पुढे ईशा, हातात अक्षतांची वाटी आणि पेढ्यांचा डबा. मध्ये चौरंग, एका बाजूने शामकांतराव, दुसऱ्या बाजूने संजीवनीबाई. निरांजन तेवढं घरीच शांत केलं होतं, कारण ईशा म्हणाली होती की पेटता दिवा घेऊन बसमध्ये चढाल तर मी तुमची कुणी लागत नाही.

पहिलं विघ्न लिफ्टचं आलं. त्यांचं घर सातव्या मजल्यावर आणि लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबणारी, म्हणजे गाठायची पाचव्यावर. जिन्याच्या वळणावर चौरंग कलला आणि तीन नंबरची कात्री फुलासकट कडेपर्यंत घसरत आली.

"धरा ती!"

"हात लावायचा नाही!"

"मग चौरंग वर करा! तुमची बाजू हो!"

शामकांतरावांनी बाजू वर केली, तशी कात्री बाईंच्या दिशेने घसरली. मग बाईंनी वर केली. पाचव्या मजल्यापर्यंत ती कात्री इकडून तिकडे अशी जा-ये करत राहिली, आणि लिफ्टसमोर उभा असलेला एक म्हातारा चिनी गृहस्थ "तुम्ही जा, तुम्ही जा" म्हणत भिंतीला चिकटला.

टॅक्सी मिळेना. सहाच्या सुमाराला ती कुणालाच मिळत नसे. म्हणून बस. दारात शामकांतरावांनी ड्रायव्हरला प्रामाणिकपणे विचारलं की चौरंगाचं तिकीट काढायचं का. ड्रायव्हरने आधी फुलं पाहिली, मग कुंकू, मग कात्र्या.

"टेबल नो नीड," तो म्हणाला. "पण दार अडवायचं नाही, अंकल. आणि कुणाला टोचायचं नाही."

बस खच्चून भरली होती. तरी एका चिनी आजीने चौरंग पाहिला मात्र, ती लगबगीने उठली आणि आपली जागा देऊ लागली. संजीवनीबाईंना वाटलं, जागा आपल्याला. त्या बसणार, तोच आजीने मान हलवली आणि चौरंगाकडे बोट दाखवलं. मग चौरंग सीटवर बसला आणि माणसं त्याच्याभोवती उभी राहिली. आजीने हात जोडले आणि विचारलं, "व्हॉट गॉड?"

शामकांतराव गडबडले. "सिझर्स," ते म्हणाले.

आजीला त्यात काही वावगं वाटलं नाही. "गुड, गुड," ती म्हणाली, आणि उतरेपर्यंत हात जोडून उभी राहिली. ईशा बसच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खिडकीबाहेर बघत होती.

कॉलेजच्या फाटकात मॅडम क्वेक येरझाऱ्या घालत होत्या. संजीवनीबाईंनी धापा टाकत सगळं सांगितलं. पूजा, नवमी, अडीच तास, दहा मिनिटं. नवमी कुणाला समजणार, या भीतीने त्यांनी शेवटी एवढंच म्हटलं, "मॅडम, हत्यारांना आशीर्वाद दिलाय. सात दहापर्यंत हात लावता येत नाही."

मॅडम क्वेकनी चौरंग नीट पाहून घेतला. "माझे वडील दुकानाचं शटर मुहूर्त बघून उघडायचे," त्या म्हणाल्या. "एकदा गिऱ्हाईक बाहेर तासभर उभं होतं. आत या."

आत बाहेरून आलेले परीक्षक मिस्टर ताय बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. चौरंग समोरच्या टेबलावर विराजमान झाला. मिस्टर तायनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

आता परीक्षा रद्द होणार, आणि आपल्याबरोबर बाकीच्या अकराजणींचीही, असं संजीवनीबाईंना अगदी स्वच्छ दिसलं.

"आमच्या वर्गाची पद्धत आहे, सर," मॅडम क्वेक म्हणाल्या. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "पहिली दहा मिनिटं कात्र्या समोर ठेवतो. कुणी हात लावायचा नाही. आधी मापं, मग कात्री."

"आणि फुलं?"

"लक्षात राहावं म्हणून."

मिस्टर तायनी पेन काढलं आणि काहीतरी लिहून घेतलं. घंटा झाली. बारा टेबलांवर पांढरं कापड पसरलं. अंदाजाने खडूच्या रेघा मारून झाल्यावर संजीवनीबाईंचा हात सवयीने उजवीकडे गेला आणि तिथे कात्री नव्हती. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी मोजपट्टी उचलली. छाती मोजली, खांदा मोजला. वेळ जाईना, म्हणून डावी बाही मोजली. तरी वेळ उरला, म्हणून उजवी मोजली. दोन्हींत तीन बोटांचा फरक निघाला. त्यांनी खडूची रेघ पुसली आणि पुन्हा मोजलं.

दाराशी शामकांतराव हातातल्या घड्याळावर डोळे लावून उभे होते. सात दहा झाले तसे ते पुढे झाले, चौरंगावर अक्षता टाकल्या, "पुनरागमनाय च" म्हणाले आणि चौरंग किंचित हलवला. "हं, उचला!"

बायका ओळीने आल्या. चिनी आज्यांनी कात्र्या दोन्ही हातांनी घेतल्या. रोहाना जरा मागे थांबली. "अंकल, मी नुसती कात्री घेतली तर चालेल?" तिने हळूच विचारलं.

"अगदी चालेल!" शामकांतरावांनी फूल बाजूला ठेवलं आणि आपल्या रुमालाने तिची कात्री लख्ख पुसून दिली. घाईत बाकीच्या अकरा तशाच गेल्या.

आणि कात्र्या काय चालल्या म्हणता! इंजिनरूममधल्या माणसाने लावलेली धार ती. वर्गभर नुसता सर्र सर्र आवाज. मिस्टर ताय टेबलाटेबलावरून फिरत संजीवनीबाईंपाशी थांबले, त्यांनी दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या आणि बोटाने कड दाबून पाहिली. कडेला कड. मग त्यांचं बोट गळ्यापाशी थांबलं. तिथे कुंकवाचा एक ठिपका पडला होता.

"हा डाग?"

"माझे मिस्टर," संजीवनीबाई म्हणाल्या.

"अर्धा मार्क कमी," मिस्टर ताय म्हणाले आणि पुढे गेले. शेवटी ईशाने त्यांच्यापुढे पेढ्यांचा डबा धरला. ते मागे सरकले. "परीक्षक आहे, घेता येत नाही." मग त्यांनी निकालाच्या कागदावर सही केली, पेन खिशाला लावलं आणि दोन पेढे घेतले.

सगळ्याजणी पास झाल्या. मिस्टर तायनी शेरा मारला होता की मापं पुरी होईपर्यंत कात्री हाती न देण्याची या वर्गाची पद्धत अनुकरणीय आहे, इतर वर्गांनीही ती घ्यावी. कॉलेजने ती घेतली. पुढच्या सहामाहीपासून प्रत्येक परीक्षेला कात्र्या समोरच्या टेबलावर ठेवू लागले, आणि शेऱ्यात फुलांचा उल्लेख होता म्हणून ऑफिसातून फुलंही येऊ लागली. प्लॅस्टिकची होती, पण येत होती. मॅडम क्वेकनी तर पुढच्या वर्षी फोन करून विचारलं की तुमचा कात्र्यांचा सण यंदा कधी येतो, आणि परवानगी काढून सगळ्या कात्र्या धार लावायला व आशीर्वादाला देवस्थळ्यांकडे पाठवून दिल्या.

त्या खंडेनवमीला शामकांतरावांच्या आनंदाला पारावार नव्हता. चौरंग पुरेना म्हणून त्यांनी जेवणाचं टेबल घेतलं. कात्र्या मांडल्या, ईशाचा कॅल्क्युलेटर ठेवला, मोजपट्टी ठेवली. कॅलेंडरशेजारी आता एक दुसरं घड्याळ टांगलेलं होतं, त्यात पुण्याची वेळ लावली होती. सगळं मनासारखं झालं, तरी मध्ये थोडी जागा रिकामी दिसत होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे काचेच्या चौकटीत संजीवनीबाईंचं सर्टिफिकेट होतं. त्यांनी स्टुलावर चढून हात पुढे केला.

"खबरदार!" स्वयंपाकघरातून आवाज आला. संजीवनीबाई पिठाचे हात घेऊनच धावत आल्या. "त्याला हात लावायचा नाही."

"अगं, सरस्वती आहे ती! पूजेत तिचा पहिला मान."

"असू दे. पूजेत ठेवलं की उत्तरपूजेपर्यंत उचलता यायचं नाही."

"मग? उद्यापर्यंत काय अडलंय त्याच्यावाचून?"

संजीवनीबाईंनी चौकट भिंतीवर पुन्हा सरळ केली. पिठाचं एक बोट काचेवर उमटलं होतं, ते पदराने पुसलं.

"मला लागतं ते," त्या म्हणाल्या. "अधूनमधून खाली काढून बघायला."